टिंकर बेल: मुकी परी बोलकी झाली त्याची पार्श्वभूमी

उन्हाळी शिबिरात लहान गटासाठी एखादा परीचा चित्रपट लावायची पद्धत वडोदऱ्याच्या मराठी मंडळांत रुळली आहे. दांडिया बाजारातल्या एका शिबिरात यंदा ‘पीटर पॅन’च्या गोष्टीतली परी टिंकर बेल ठरली आणि लगेच आवाजावरून वाद सुरू झाला. काही पालकांना हिंदी डबिंग हवं होतं, काहींना मूळ इंग्रजी. बालवाडीच्या ताईंचं म्हणणं, आवाज बंद करा, आम्ही मराठीत गोष्ट सांगतो. वरवर पाहता हा घरगुती वाद आहे. पण या परीला बोलतं करावं की नाही, यावर तिला घडवणाऱ्यांचंही एकमत नव्हतं, म्हणून ही टिपण.

१९०४ साली लंडनच्या रंगमंचावर कधीच मोठ्या न होणाऱ्या मुलाचं ‘पीटर पॅन’ नाटक आलं तेव्हा टिंकर बेलच्या भूमिकेत कोणी नटी नव्हती. आरशाने फेकलेला प्रकाशाचा कवडसा भिंतीवर नाचायचा आणि आतून घंटी किणकिणायची, बस. विष पिऊन ती मरायला टेकते तेव्हा पीटर प्रेक्षकांना टाळ्या वाजवायला सांगतो आणि पोरं जीव तोडून टाळ्या वाजवतात, ही युक्तीही तेव्हाचीच. भांडी-किटल्या दुरुस्त करणारी परी ही तिची ओळख मूळ कथेत येते, पण ओझरतीच. परी एवढीशी असल्यामुळे तिच्यात एका वेळी एकच भावना मावते, असंही तिथे म्हटलं आहे. तिची असूया आणि तिचा लोभ दोन्ही टोकाचे का, हे त्यावरून कळतं.

१९५३ च्या डिस्नेच्या रंगीत चित्रपटात तिला शरीर मिळालं, आवाज तरीही नाही. एका नर्तकीकडून मोकळ्या मंचावर अभिनय करून घेतला गेला आणि तो समोर ठेवून चित्रकारांनी परी रेखाटली. मेरिलिन मन्रोवरून ती काढली ही अफवा अजून फिरते. ती खोटी आहे. या चित्रपटातली टिंकर बेल गाल फुगवते, पाय आपटते, रागाने लाल होते आणि पीटरने आणलेल्या वेंडी या मुलीबद्दलच्या मत्सरापायी त्याचा शत्रू, चाचा हूक, याला पीटरची लपायची जागा दाखवते. एकही शब्द न उच्चारता. लहान मुलांना हे कळायला कोणतीच भाषा लागत नाही, हे मुद्दाम नोंदवतो.

इथे भारताशी एक धागा जुळतो आणि आपल्याकडे त्याची फारशी चर्चा होत नाही. त्या चित्रपटावर काम केलेला एक अमेरिकी अ‍ॅनिमेटर, जो मिशनरी आईवडिलांच्या पोटी भारतातच जन्मला होता, १९५६ मध्ये मुंबईत आला आणि सरकारी कार्टून विभागातल्या मुलांना त्याने हे तंत्र शिकवलं. १९५७ चा जातककथेवरचा ‘द बनियन डिअर’ हे त्या वर्गाचं फळ. त्याच्याही आधी, १९१५ च्या सुमारास, फाळक्यांनी आगकाड्या एकेक चौकट सरकवत पडद्यावर नाचवल्या होत्या. फाळके आपल्या वडोदऱ्याच्या कलाभवनात शिकलेले, एवढं सांगण्याचा मोह आवरत नाही. पुढे जाऊ.

खरी गुंतागुंत २००५ नंतरची आहे. राजकन्यांच्या नावाने खेळणी, फ्रॉक, दप्तरं विकण्याचा धंदा डिस्नेने २००० च्या आसपास सुरू केला आणि तो अफाट चालला. राजकन्यांमधून बाहेर पडलेल्या, जरा मोठ्या मुलींसाठी काय, याचं उत्तर म्हणून २००५ मध्ये परींची मालिका पुस्तकांपासून सुरू झाली. चित्रपट त्यामागून आला. म्हणजे आधी बाजार मांडला आणि मग गोष्ट शोधली, असं कोणी म्हटलं तर त्याला खोडून काढणं अवघड आहे.

आता प्रश्न असा की सव्वा तासाच्या चित्रपटाची नायिका मुकी ठेवायची कशी? तिच्या भोवती पाणी, उजेड, फुलं आणि प्राणी सांभाळणाऱ्या मैत्रिणी असणार, राणी असणार, भांडणं होणार. सगळ्या बोलणार आणि हीच नुसती किणकिणणार? तिला बोलतं करायचं ठरलं. जुन्या चाहत्यांना हे रुचलं नाही. त्यांच्या मते तिचा अर्धा जीव त्या मुकेपणातच होता. बोलायला लागली की ती चार जणींसारखी एक होणार. दुसरी बाजू म्हणत होती की मुकी परी रुसू शकते, चिडू शकते, पण ‘माझं काम मला का कमी वाटतं’ हे सांगू शकत नाही, आणि नवी गोष्ट तर नेमकी तीच होती.

निर्णय होऊनही चित्रपट अडखळला. २००६ मध्ये कंपनीने एक नावाजलेला अ‍ॅनिमेशन स्टुडिओ विकत घेतला, तिथली माणसं वर आली आणि जुन्या चित्रपटांचे झटपट पुढचे भाग काढायचा सपाटा त्यांनी बंद केला. हा चित्रपट वाचला, पण कथा नव्याने बांधावी लागली आणि परीचा आवाजही बदलला. आधी ठरलेल्या अभिनेत्रीच्या जागी दुसरी आली. २००७ चा मुहूर्त हुकला. ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत चित्रपट थेट डीव्हीडीवर आला.

तो पाहिल्यावर माझं मत थोडं सैलावलं. बाळाच्या पहिल्या हसण्यातून परी जन्मते, तिच्यासमोर वस्तू मांडतात आणि हातोडी उजळते. म्हणजे ही कारागीर. वसंत ऋतू घेऊन माणसांच्या जगात जाण्याचा मान मात्र निसर्गाची कामं करणाऱ्या परींना. कारागिरांनी मागे राहून अवजारं बनवायची. ती आपलं काम टाकून दुसऱ्यांचं शिकायला जाते, सगळी तयारी उधळून लावते आणि शेवटी माणसांच्या हरवलेल्या चीजवस्तूंतून यंत्रं जोडून वसंत वेळेवर आणते. मूळ कथेतल्या त्या ओझरत्या ओळखीतून अख्खी गोष्ट उभी केली आहे, आणि ती किणकिणाटात सांगता आली नसती हे मान्य करायला हवं. असूया मात्र पार धुऊन निघाली. १९५३ ची खुनशी टिंकर बेल इथे शोधूनही सापडत नाही.

आवाजाच्या भांडणावरचा तोडगा पडद्यावर नीट मांडला तो २०१० च्या तिसऱ्या भागात. तिथे इंग्लंडच्या गावाबाहेर राहणाऱ्या लिझी नावाच्या मुलीच्या हाती टिंकर बेल लागते. परी एकमेकींशी बोलतात ते आपल्याला शब्दांत ऐकू येतं, पण लिझीला ऐकू येते फक्त घंटी. जुनी आणि नवी परी एकाच चौकटीत बसली. माझ्या मते हे पहिल्याच भागात ठळकपणे करायला हवं होतं, निम्मा वाद तिथेच मिटला असता. २०१२ मध्ये हिवाळ्यातली जुळी बहीण आली, पुढे आणखी दोन भाग, आणि २०१५ नंतर मालिका थांबली. ती काढणारा विभाग २०१८ मध्ये बंद झाला. २०२३ च्या माणसांनी अभिनय केलेल्या चित्रपटात टिंकर बेल बहुतेक वेळ पुन्हा किणकिणाटावर आली.

मराठी वाचकाला यात एक गोष्ट खटकायला हवी. गोष्ट आणि रेखाटनं कॅलिफोर्नियातली, पण पात्रं संगणकावर हलवण्याचं मोठं काम मुंबईतल्या एका स्टुडिओत झालं. पंखांची थरथर, परागासारखी उडणारी धूळ, धाग्याच्या रिळाशेजारी उभी वीतभरही नसलेली परी, हे सगळं तिथलं. हात मुंबईचे, आणि आपल्या पोरांपुढे परी आली ती हिंदी बोलत.

वडोदऱ्यात याला वेगळी धार आहे. घरात आजीची मराठी, सोसायटीत गुजराती, शाळेत इंग्रजी, टीव्हीवर हिंदी. चार वर्षांचं पोर एका वाक्यात तिन्ही-चारही भाषा घालतं आणि त्याला काही वावगं वाटत नाही. काळजी मोठ्यांना. ‘आई, मुझे भी पंख चाहिए’ असं नातू म्हणाला की आजोबा टीव्हीला दोष देतात. हिंदी डबिंगच्या बाजूचे पालक म्हणतात, मुलांना समजतं ना, मग झालं. त्यांचंही खोटं नाही. इंग्रजी ठेवलं तर बालवाडीतली अर्धी मुलं पंधरा मिनिटांत चटईवर लोळायला लागतील.

शिबिरात शेवटी २०१० चा भाग ठरला आहे. लिझीच्या घरातले प्रसंग ताई आवाज बंद करून मराठीत सांगतील, परींचे संवाद हिंदीत राहतील, आणि घंटी वाजवायला मोठ्या गटातली दोन मुलं पुढच्या रांगेत बसतील. इंग्रजीच्या बाजूच्या पालकांनी अजून होकार दिलेला नाही.