खोटा कबुलीजबाब

खोटा कबुलीजबाब : न केलेल्या गुन्ह्याची स्वतःच्या तोंडाने दिलेली कबुली. मारहाण करून वदवून घेतलेली कबुली खोटी असू शकते, हे कोणालाही चटकन पटते. मानसशास्त्राने अधिक विचार केला तो वेगळ्या प्रकरणांचा. अंगाला कोणी बोटही लावलेले नसताना धडधाकट, शहाणासुरता माणूस खुनाची कबुली देतो, तीही बारीकसारीक तपशिलांसह. डीएनए चाचणी येईपर्यंत अशा कबुल्या अगदी अपवादात्मक मानल्या जात. पुढे या चाचणीमुळे अमेरिकेत जे कैदी निर्दोष ठरले, त्यांच्यातल्या चारांमागे एकाहून अधिक जणांनी गुन्हा कबूल केला होता किंवा स्वतःला अडकवणारी विधाने केली होती, असे आढळले.

सॉल कॅसिन आणि लॉरेन्स राइट्समन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये या कबुल्यांचे तीन प्रकार पाडले. पहिला, कोणी न विचारता दिलेली कबुली. चार्ल्स लिंडबर्ग या वैमानिकाच्या बाळाचे १९३२ मध्ये अपहरण झाले, तेव्हा सुमारे २०० जण ‘मीच केले’ म्हणत पुढे आले. प्रसिद्धीची हाव, मनोविकार, घरातल्या दुसऱ्या कोणाला वाचवण्याची धडपड अशी कारणे त्यामागे असतात. दुसरा आणि सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे दबावापुढे मान तुकवणे. आपण निर्दोष आहोत हे माणसाला पक्के ठाऊक असते, पण समोरची चौकशी आत्ता थांबावी एवढेच त्याला हवे असते. तिसरा प्रकार सर्वांत चमत्कारिक. त्यात संशयिताला स्वतःलाच पटू लागते की हे आपल्या हातून घडले असावे, फक्त आठवत नाही.

चौकशीचे तंत्र पाहिल्याशिवाय यातले काही उलगडत नाही. अमेरिकेत १९३० च्या दशकापासून ‘थर्ड डिग्री’ म्हणजे मारझोड हळूहळू मागे पडली आणि तिची जागा मानसिक दबावाने घेतली. माजी पोलीस जॉन रीड आणि कायद्याचे प्राध्यापक फ्रेड इनबाऊ यांची नऊ पायऱ्यांची पद्धत त्यात सर्वाधिक गाजली. ओळखीचे काहीही नसलेली छोटी खोली, ‘तूच केले आहेस’ हे ठाम वाक्य आणि संशयिताने नकार उच्चारायच्या आत त्याला थोपवणे ही तिची सुरुवात. मग दोन्हीकडून कोंडी होते. पुरावा भक्कम असल्याचे सांगून सुटकेची वाट बंद करायची आणि त्याच वेळी गुन्हा लहान करून दाखवायचा : रागाच्या भरात झाले असेल, तिनेच डिवचले असेल, तुझ्या जागी दुसऱ्या कोणीही हेच केले असते. शिक्षा कमी होईल असे आश्वासन कोणी देत नाही, पण ऐकणाऱ्याला तसेच ऐकू येते. ज्या प्रकरणामुळे रीड यांचा बोलबाला झाला, ते १९५५ चे नेब्रास्कातले डॅरेल पार्कर प्रकरण. पार्कर यांनी रीड यांच्यापुढे दिलेली पत्नीच्या खुनाची कबुली पुढे खोटी ठरली आणि २०१२ मध्ये त्या राज्याने पार्कर यांची माफी मागून ५ लाख डॉलर दिले.

या पद्धतीचा पाया म्हणजे खोटे बोलणारा माणूस चेहऱ्यावरून आणि हालचालींवरून ओळखता येतो हा विश्वास. पाया कच्चा आहे. शेकडो प्रयोगांचा एकत्रित आढावा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात खरे-खोटे ओळखण्याचे सरासरी यश ५४ टक्के निघाले. नाणे उडवले तरी ५० टक्के मिळतात.

निर्दोष माणसाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट उलटी पडते. ‘कर नाही त्याला डर कशाला’ या भरवशावर तो वकील मागत नाही, गप्प बसत नाही, तासन्‌तास उत्तरे देत राहतो. २००४ च्या एका प्रयोगात लुटुपुटीच्या चोरीच्या आरोपावरून चौकशीला सामोरे गेलेल्या निर्दोषांपैकी ८१ टक्क्यांनी गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क सोडून दिला. दोषींमध्ये हे प्रमाण ३६ टक्के होते. सत्य पुढे बाहेर येईलच, या खात्रीमुळे त्याला आज कबुलीवर सही करणेही तितके धोक्याचे वाटत नाही.

प्रयोगशाळेत खुनाची कबुली घेता येत नाही, म्हणून संशोधकांनी साध्या युक्त्या योजल्या. कॅसिन यांच्या १९९६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना संगणकावर टंकन करायला बसवले आणि एक विशिष्ट कळ दाबू नका असे बजावले. थोड्या वेळाने संगणक आपोआप बंद पडला आणि ती कळ दाबल्याचा आळ विद्यार्थ्यावर आला. ६९ टक्क्यांनी कबुलीवर सही केली, २८ टक्क्यांना आपण खरोखरच कळ दाबली असे वाटू लागले आणि ९ टक्क्यांनी ती कशी दाबली याचे तपशीलही रचून सांगितले. टंकनाचा वेग जास्त होता आणि ‘मी पाहिले’ म्हणणारा खोटा साक्षीदार हजर होता, त्या गटात सर्वांनी सही केली. अशाच धर्तीच्या २०१६ च्या प्रयोगात रात्रभर जागवलेल्यांपैकी निम्म्यांनी पहिल्याच मागणीला सही केली. पुरती झोप झालेल्यांपैकी १८ टक्क्यांनी. खऱ्या चौकश्या अनेकदा रात्रीच चालतात, हे इथे ध्यानात घ्यावे.

अल्पवयीन मुले, बौद्धिक अक्षमता असलेले आणि स्वतःच्या स्मृतीवर भरवसा नसलेले लोक या दबावाला लवकर बळी पडतात. आइसलँडचे मानसशास्त्रज्ञ गिस्ली गुडयोन्सन यांनी सूचनांना बळी पडण्याची प्रवृत्ती मोजण्यासाठी १९८४ मध्ये एक मापनश्रेणी मांडली. त्यांच्याच देशात १९७४ मध्ये दोन पुरुष बेपत्ता झाले. मृतदेह कधीच सापडले नाहीत, तरी कबुल्यांच्या जोरावर सहा तरुणांना शिक्षा झाल्या. दीर्घ एकांतकोठडीत त्यांच्यातल्या काहींचा स्वतःच्या आठवणींवरचा विश्वासच उडाला होता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच जणांना निर्दोष ठरवले ते २०१८ मध्ये; तोवर दोघे वारले होते.

न्यायालयाला सर्वाधिक भुलवतो तो तपशील. जे फक्त गुन्हेगारालाच ठाऊक असणार, ते आरोपीला कसे ठाऊक? उत्तर बहुधा प्रश्नांतच दडलेले असते. ‘कशाने मारलेस?’ ‘हाताने.’ ‘नीट आठव. हातात काही होते ना?’ ‘काठी?’ ‘लाकडाने एवढी जखम होते का?’ ‘मग... लोखंडी काहीतरी.’ जबाबाच्या कागदावर एवढेच उतरते : ‘मी लोखंडी गजाने वार केला.’ कायद्याचे अमेरिकन प्राध्यापक ब्रँडन गॅरेट यांनी २०१० मध्ये डीएनएने निर्दोष ठरलेल्या ४० जणांच्या कबुल्या तपासल्या, तर जवळपास सर्वच कबुल्यांत असे नेमके तपशील होते. अधिकारी हे जाणूनबुजून पुरवतो असेही नाही; प्रश्न विचारता विचारता माहिती झिरपते. कबुली एकदा मिळाली की बाकीचा पुरावाही तिच्याकडे झुकतो. २००९ च्या एका प्रयोगात, दुसऱ्याच कोणी गुन्हा कबूल केल्याचे कळल्यावर ६१ टक्के प्रत्यक्षदर्शींनी आधी ज्याला गुन्हेगार म्हणून ओळखले होते, त्याबद्दलचे मत बदलले.

कायद्यांनी वेगवेगळे मार्ग धरले. भारतात १८७२ च्या पुरावा अधिनियमाने पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध अग्राह्यच ठरवली. हाच नियम आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. मात्र सांगितलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग चालतो, आणि माहिती झिरपण्याचा धोका नेमका याच फटीत राहतो. महाराष्ट्राच्या १९९९ च्या मोक्का या संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या कायद्याने तर पोलीस अधीक्षक व त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली ग्राह्य धरली. अमेरिकेत १९६९ च्या एका निकालापासून पोलिसांना पुराव्याबद्दल थाप मारण्याची मुभा आहे. इलिनॉयने २०२१ मध्ये अल्पवयीनांपुरती ती काढून घेतली. ब्रिटनने १९८४ च्या कायद्याने चौकशीचे ध्वनिमुद्रण आणले आणि १९९० च्या दशकात कबुलीऐवजी माहिती मिळवण्यावर भर देणारी मुलाखतपद्धत स्वीकारली.

चित्रीकरण हा आज सर्वमान्य उपाय आहे, पण कोणत्या भागाचे हे महत्त्वाचे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या १९८९ च्या बलात्कार प्रकरणात १४ ते १६ वर्षांच्या पाच मुलांना गोवले गेले. चौघांच्या कबुल्या कॅमेऱ्यासमोर झाल्या, त्याआधीचे अनेक तास मात्र कुठेच नोंदले नव्हते. २००२ मध्ये खऱ्या गुन्हेगाराची कबुली आणि त्याचा डीएनए जुळल्यावर त्यांच्या शिक्षा रद्द झाल्या. कॅमेऱ्याचा रोखही निकाल फिरवतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल लॅसिटर यांच्या प्रयोगांत फक्त संशयित दिसत असला, की तीच कबुली पाहणाऱ्यांना अधिक स्वेच्छेची वाटली. अधिकारी आणि संशयित दोघेही चौकटीत असले, की हा कल नाहीसा झाला.