रंगमंचावरचा लॅपटॉप उजळलेला आणि चालू दिसावा म्हणून

नाट्यसंस्था, गॅदरिंगची मंडळी आणि नेपथ्य-प्रॉपर्टी सांभाळणाऱ्या आमच्या सर्व ग्राहकांसाठी. उजेड लावलेला तयार खोटा लॅपटॉप आमच्याकडून भाड्याने नेणार असाल तरी हे वाचा, स्वतः बनवणार असाल तर नक्कीच वाचा.

लॅपटॉपचं तोंड कुठे?

टेबल कुठे आणि नट कुठे बसणार हे तालमीत पक्कं झाल्याशिवाय काही विकत घेऊ नका. बहुतेक प्रवेशांत नट प्रेक्षकांकडे तोंड करून बसतो. म्हणजे प्रेक्षकांना दिसते ती झाकणाची पाठ. अशा वेळी स्क्रीनवरच्या चित्राची गरजच नसते. झाकण उघडताना थंड पांढरा उजेड आधी हातांवर पडतो, मग छातीवर आणि शेवटी चेहऱ्यावर चढतो. लॅपटॉप चालू आहे हे प्रेक्षकाला पटतं ते या उजेडामुळे. चित्राची प्रिंट लावली की निम्म्याहून जास्त उजेड ती खाऊ शकते, म्हणून पाठमोऱ्या लॅपटॉपला नुसता पांढरा पडदाच ठेवा. टेबल तिरकं असेल आणि स्क्रीन प्रेक्षकांना दिसणार असेल, तरच चित्राच्या मागे लागा.

सांगाडा आणि उजेड

दुरुस्तीच्या दुकानातून बंद पडलेला, जाड झाकणाचा जुना लॅपटॉप घ्या. हल्लीचे पातळ लॅपटॉप दिसायला छान असतात, पण उजेडासाठी आपण लावणार ती एलईडी पट्टी ८ मिमी रुंद असते आणि ती झाकणात उभी बसवायची असते. तेवढी जागा पातळ झाकणात मिळत नाही.

बॅटरी, मदरबोर्ड, हार्ड डिस्क काढून टाका. स्क्रीनचं पॅनल अख्खं बाहेर काढा, उचकटू नका. २०१० च्या आधीच्या बऱ्याच पॅनलमध्ये काचेची बारीक ट्यूब असते, तिच्यात पारा असतो आणि ती पेटवणारा इन्व्हर्टर शेकडो व्होल्ट काढतो. ते पॅनल जुगाड करून पेटवण्याचा प्रयत्न करू नका. ई-कचऱ्यात द्या.

पॅनलच्या जागी ३ मिमी जाडीचं पारदर्शक ॲक्रिलिक बसवा. साइनबोर्डवाले मापात कापून देतात. आतल्या मापापेक्षा २ मिमी लहान सांगा. पट्टी लावायची ती खालची कड आधी ४००, मग ८०० नंबरच्या पाण्याच्या पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा. कड खरबरीत राहिली तर उजेड आत शिरण्याआधीच विखुरतो.

आता खरं कसबाचं काम. ॲक्रिलिकची मागची बाजू २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायची, पण सगळीकडे सारखी नाही. उजेड ॲक्रिलिकच्या आतून सरळ पुढे जात असतो आणि जिथे ओरखडा भेटेल तिथे बाहेर पडतो. सगळीकडे सारखं घासलं तर सगळा उजेड तळाशीच सांडतो आणि वरचा भाग मळकट दिसतो. म्हणून पट्टीजवळचे ४-५ सेंमी जेमतेम घासा, वर जाल तसा हात वाढवा, वरच्या चतुर्थांशात पृष्ठभाग दुधी होऊ द्या. थोडं घासा, पट्टी लावून अंधाऱ्या खोलीत बघा, पुन्हा घासा. चार-पाच फेऱ्यांत जमतं.

पट्टी १२ व्होल्टची, कूल व्हाइट, मीटरला ६० एलईडी असलेली. ती दर ५ सेंमीवर, तांब्याच्या खुणेवरच कापता येते. खूण सोडून कापली की ते तीन एलईडी गेले. १५.४ इंची झाकणाला ३० सेंमी, म्हणजे १८ एलईडी पुरतात. एलईडीचं तोंड ॲक्रिलिकच्या कडेला टेकलं पाहिजे. बाकीच्या तीन कडांना पांढरी टेप, मागे पांढरा कार्डशीट आणि पुढे ट्रेसिंग पेपरचे दोन थर लावा. पट्टीमागची दुहेरी टेप आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात सुटते, म्हणून दोन्ही टोकांना सिलिकॉनचा थेंब द्या.

ॲक्रिलिक नको, पट्ट्या थेट पडद्यामागे चिकटवू, असं बरेच जण म्हणतात. एलईडींमधलं अंतर साडेसोळा मिमी असतं. तेवढीच खोली पडद्यामागे नसेल तर ठिपके ठिपके दिसतात, आणि झाकणात तेवढी खोली मिळत नाही.

बॅटरी

१८ एलईडी म्हणजे तीन-तीनचे सहा गट. गटाला साधारण २० मिलिअँपिअर धरले तर एकूण ०.१२ अँपिअर. आठ पेन्सिल सेल, अल्कलाइन, होल्डरमध्ये घातले की १२ व्होल्ट मिळतात आणि दोन-तीन प्रयोग आरामात निघतात. तरी स्पर्धेच्या दिवशी नवेच सेल घाला. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी वापरू नका. तीन पांढऱ्या एलईडींना मिळून जवळपास ९ व्होल्ट लागतात, त्यामुळे ती नवी असतानाच उजेड मिणमिणता येतो आणि पुढच्या अंकापर्यंत जातो.

पॉवरबँक वापरायची तर पट्टी ५ व्होल्टची घ्या. इथली नेहमीची तक्रार म्हणजे प्रवेशाच्या मध्येच उजेड गेला. पॉवरबँकमधून फार कमी करंट जाऊ लागला की तिला मोबाइल चार्ज झाला असं वाटतं आणि ती स्वतःहून बंद होते. उजेड कमी-जास्त करणारा डिमर खाली घेतला की हमखास असं होतं. उपाय म्हणजे पट्टीला समांतर ४७ ओहम, २ वॅटचा रेझिस्टर. तो ०.१ अँपिअर खात राहतो आणि बहुतेक पॉवरबँका जाग्या राहतात. तो गरम होतो, प्लॅस्टिकला टेकू देऊ नका. घरी सलग अर्धा तास चालवून बघा.

लिथियम सेल वापरणार असाल तर तीन नवे सेल, प्रोटेक्शन बोर्ड आणि १२.६ व्होल्टचाच चार्जर हवा. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले सेल काढून वापरू नका. टेबलापर्यंत २३० व्होल्टची वायर तर कधीच ओढू नका. चार्जरची वायर दिसायला हवी असेल तर ती कुठेही न जोडता ठेवा. लाकडी रंगमंच आणि कापडी पडदे यांना आग किती लवकर धरते, हे कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाच्या ८ ऑगस्ट २०२४ च्या आगीत आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

झाकण उघडलं की उजेड

बिजागरीजवळ लिव्हरचा मायक्रोस्विच बसवा. त्याला तीन पाय असतात: कॉमन, एनओ (लिव्हर दाबल्यावर जोडला जाणारा) आणि एनसी (लिव्हर दाबल्यावर तुटणारा). वायर कॉमन आणि एनसीला जोडा. झाकण मिटलं की लिव्हर दाबला जातो आणि सर्किट तुटतं. एनओला जोडलं तर उलटं होतं, लॅपटॉप मिटल्यावर आत पेटून राहतो आणि पेटीतच सेल संपतात. शिवाय तळाला एक मुख्य स्विच ठेवाच.

बिजागरीतून जाणारी वायर मल्टीस्ट्रँडच हवी, ३-४ सेंमी ढील सोडून. एकेरी तारेची वायर थोड्याच तालमींत आतून तुटते. बाहेरून काही दिसत नाही आणि उजेड मात्र लुकलुकतो.

चित्र लागणारच असेल तर

फ्लेक्सवाल्यांकडे बॅकलिट फिल्मवर, म्हणजे मागून उजेड देण्यासाठीच्या फिल्मवर, प्रिंट काढा. साध्या ओएचपी शीटवरची (पारदर्शक प्लॅस्टिकच्या शीटवरची) एकच प्रिंट फिकी पडते, दोन शीट नेमक्या एकावर एक बसवाव्या लागतात. अक्षरं बारीक घेऊ नका. दहाव्या रांगेतून ती वाचता येत नाहीत. एक निळी पट्टी, दोन पांढरे चौकोन आणि एक फोटो पुरतो. वर चकचकीत काच नको, तिच्यात स्पॉटलाइट दिसतो.

नाटकात स्क्रीन बदलायची असेल, व्हिडिओ कॉल यायचा असेल, तर प्रिंटने भागत नाही. झाकणात जुना टॅब्लेट बसवा. एअरप्लेन मोड चालू. स्क्रीन लॉक, ऑटो ब्राइटनेस आणि नोटिफिकेशन बंद.

प्रकाशयोजनाकाराशी बोला

फ्रंट लाइट, म्हणजे समोरून रंगमंचावर पडणारे दिवे, पूर्ण असतील तर कसलाही लॅपटॉप राखाडीच दिसणार. टेबलावरचा फ्रंट निम्म्यावर आणायला सांगा. हॅलोजनचा पिवळसर उजेड ३२०० केल्विनच्या आसपास, आपली पट्टी ६५०० ची, म्हणून ती निळसर उठून दिसते. रंगमंचाचे दिवे एलईडीचे असून पार पांढऱ्यावर ठेवले असतील तर हा फरक मावळतो. त्यांना थोडी पिवळी छटा द्यायला सांगा. कोल्हापूरच्या शाहू स्मारकसारख्या सभागृहात आणि मैदानातल्या गॅदरिंगला एकच लॅपटॉप सारखा दिसत नाही, म्हणून रंगीत तालमीत शेवटच्या रांगेत उभं राहून बघा. प्रयोगाचं मोबाइलवर चित्रण होणार असेल तर स्वस्त डिमर टाळा, पडद्यावर सरकत्या काळ्या पट्ट्या येतात. उजेड जास्त वाटला तर ट्रेसिंग पेपरचा एक थर वाढवा.

ब्लॅकआउटमध्ये उघडा लॅपटॉप तसाच पेटलेला राहतो. झाकण कोणत्या वाक्यावर मिटायचं ते नटाला आधीच ठरवून द्या, आणि फटींतून झिरपणारा उजेड आतून काळ्या टेपने बंद करा.

भाड्याचा लॅपटॉप परत आणताना मुख्य स्विच बंद ठेवा, सेल काढून वेगळे द्या. टेम्पोत झाकणावर दुसरं सामान रचू नका. ॲक्रिलिकला तडा गेला की सगळा उजेड त्या रेषेवरच फुटून दिसतो आणि अख्खं शीट बदलावं लागतं.