ब्रिटिश कोलंबियातला खासगी नदी-वीज वाद

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ब्रिटिश कोलंबिया (पुढे नुसतं बीसी) प्रांतात 2002 नंतर नद्यांवर वीज कोणी बनवायची, सरकारी कंपनीने का खासगी कंपन्यांनी, यावरून जे भांडण पेटलं ते म्हणजे हा वाद. वरवर पाहिलं तर पर्यावरणवाले विरुद्ध कंपन्या असं वाटतं, पण खरा प्रश्न हा होता की नको त्या वेळी आलेल्या विजेचे पैसे कोणी भरायचे.

मागचा संदर्भ थोडा लागतो. 1961 मध्ये तिथले मुख्यमंत्री डब्ल्यू. ए. सी. बेनेट यांनी बीसी इलेक्ट्रिक ही खासगी वीज कंपनी सरकारी ताब्यात घेतली आणि पुढच्या वर्षी बीसी हायड्रो (पुढे नुसतं हायड्रो) ही सरकारी वीज कंपनी उभी राहिली. गंमत म्हणजे बेनेट काही डावे नव्हते, चांगले बाजारवाले होते, पण पीस आणि कोलंबिया नद्यांवर अवाढव्य धरणं बांधायची तर हे काम सरकारच करणार हे त्यांचं ठाम मत. त्या धरणांनी प्रांताला स्वस्त वीज दिली, आणि विलिस्टन जलाशयाखाली से के डेने या आदिवासींचा मुलूखही बुडवला, म्हणजे सरकारी बाजू काही धुतल्या तांदळासारखी नाही.

2002 मध्ये गॉर्डन कॅम्पबेल यांच्या सरकारने (पक्ष बीसी लिबरल, कल उजवीकडे) नवीन ऊर्जा धोरण आणलं. त्यात जवळपास असं ठरलं की हायड्रोने जुनी केंद्रं सुधारावीत, पीस नदीवरच्या साइट सी धरणाचा पर्याय हाताशी ठेवावा, बाकी नवीन वीज खासगी उत्पादकांकडून विकत घ्यायची. पुढचं सगळं रामायण इथून सुरू होतं, कारण स्वतः बांधायला बंदी आणि विकत घ्यायची सक्ती अशा गिऱ्हाइकाला भाव करायला जागाच कुठे राहते? 2007 च्या धोरणात वर अजून अट घातली की 2016 पर्यंत प्रांत विजेत स्वयंपूर्ण झाला पाहिजे.

खासगी प्रकल्प बहुतेक 'रन ऑफ रिव्हर' प्रकारचे. डोंगरातल्या ओढ्यावर बंधारा घालायचा, पाणी पाइपातून किंवा बोगद्यातून खाली टर्बाइनवर सोडायचं आणि परत नदीत. मोठा जलाशय नाही म्हणून ही वीज हिरवी, असं कंपन्यांचं म्हणणं. विरोधक म्हणायचे की मधल्या पट्ट्यात नदीला पाणी उरत नाही, टर्बाइन एकदम बंद पडलं की खालची पातळी झपकन उतरते आणि माशांची पिल्लं गोट्यांवर अडकून मरतात, शिवाय रानातून रस्ते आणि तारा न्याव्या लागतात ते वेगळंच. पण मला विचाराल तर सगळ्यात दुखरी नस होती कॅलेंडर. या ओढ्यांना पाणी येतं ते उन्हाळ्याच्या तोंडाला बर्फ वितळताना, साधारण मे ते जुलै, तेव्हाच हायड्रोची धरणंही भरत असतात आणि बाजारात वीज पडेल भावाने मिळते. बीसीत मागणी सगळ्यात जास्त असते ती हिवाळ्यात, घरं गरम ठेवायला, आणि तेव्हा ओढे गोठलेले. साठवण नसल्याने उन्हाळ्याचं पाणी हिवाळ्यात वापरायची सोय नाही. करार मात्र लांब मुदतीचे, आणि मुदत संपल्यावरही केंद्र कंपनीच्याच मालकीचं.

ठिणगी पडली स्क्वामिशजवळच्या अ‍ॅशलू ओढ्यावर. तिथल्या प्रादेशिक मंडळाने 2005 मध्ये प्रकल्पासाठी जमिनीचं झोनिंग (म्हणजे कुठली जमीन कशाला वापरायची हे ठरवणं) बदलायला नकार दिला, तर सरकारने 2006 मध्ये बिल 30 नावाचा कायदा आणून स्थानिक संस्थांचा तो अधिकारच काढून घेतला. यावर गावागावात लोक खवळले, अगदी ज्यांना नद्यांचं फारसं काही नव्हतं तेसुद्धा. 2008 मध्ये अप्पर पिट नदीच्या प्रकल्पावरून सभांना एवढी गर्दी झाली की पर्यावरणमंत्री बॅरी पेनर यांनी त्यासाठी प्रांतीय उद्यानाची हद्द बदलायला नकार दिला. ब्यूट इनलेटचा 17 नद्या-ओढ्यांवरचा, हजार मेगावॉटच्या वरचा प्रकल्पही शेवटी कागदावरच राहिला.

बाजू मात्र सरळ नव्हत्या. विरोधकांमध्ये सगळ्यात मोठा आवाज रेफ मेअर यांचा, जे एकेकाळी सोशल क्रेडिट या उजव्या पक्षाच्या सरकारात मंत्री होते, आणि दुसरीकडे झेपोरा बर्मन यांच्यासारख्या जंगलतोडीविरुद्ध लढलेल्या कार्यकर्त्या हवामान बदलाच्या मुद्द्यावर हिरव्या विजेची बाजू घेत होत्या. 2009 च्या निवडणुकीत एनडीपी या डावीकडे कललेल्या विरोधी पक्षाच्या नेत्या कॅरोल जेम्स यांनी नवीन नदी प्रकल्प थांबवायचं आश्वासन दिलं, पण कार्बन टॅक्स (धूर सोडणाऱ्या इंधनावरचा कर) रद्द करू असंही म्हटल्याने पर्यावरणवाले आपसातच भांडत बसले. कॅम्पबेल तिसऱ्यांदा जिंकले. आदिवासी समाजांचंही एकच मत नव्हतं, हुपाकासाथ लोकांनी चायना क्रीकवर स्वतःचाच प्रकल्प उभारला होता आणि कनाका बार या आदिवासी समाजाने क्वॉयेक क्रीकच्या 50 मेगावॉट केंद्रात भागीदारी घेतली.

जुलै 2009 मध्ये दर आणि खर्चावर नजर ठेवणाऱ्या बीसी युटिलिटीज कमिशनने हायड्रोचा खरेदीचा दीर्घकालीन प्लॅन मान्य करायला नकार दिला. सरकारने काय केलं, तर 2010 चा क्लीन एनर्जी अ‍ॅक्ट आणून कितीतरी निर्णय कमिशनच्या तपासणीबाहेरच काढले. जादा वीज हिरवी म्हणून कॅलिफोर्नियाला विकू ही आशा होती, पण तिथल्या नियमांत 30 मेगावॉटपेक्षा मोठी जलविद्युत साधारणपणे नवीकरणीय धरत नाहीत.

हिशोब बाहेर आला 2019 मध्ये. तोवर सत्तेत आलेल्या एनडीपी सरकारने केन डेव्हिडसन यांच्याकडून अहवाल करून घेतला, त्याचा निष्कर्ष असा की हायड्रोने गरजेपेक्षा जास्त, चुकीच्या प्रकारची आणि महाग वीज घेतली, आणि 20 वर्षांत त्याचा बोजा 16 अब्ज कॅनेडियन डॉलर, म्हणजे प्रत्येक घरगुती ग्राहकामागे वर्षाला सुमारे 200 डॉलर. खासगी उत्पादकांना हे अर्थातच मान्य नव्हतं. छोट्या प्रकल्पांची खरेदी योजना त्याच वर्षी थांबवली, त्याचा फटका बसला तो प्रकल्प तयार करून बसलेल्या काही आदिवासी समाजांनाही.

2024 मध्ये त्याच एनडीपी सरकारच्या काळात हायड्रोने पुन्हा खासगी वीज मागवली. या वेळी आदिवासी समाजांचा किमान 25 टक्के वाटा सक्तीचा होता, आणि निवडलेले प्रकल्प मुख्यतः पवनऊर्जेचे.