भिंतीला फासायचा ‘सोलर रंग’

फॉरवर्ड जुनाच आहे: ‘कार्बन नॅनोट्यूब मिसळलेलं प्लास्टिक रंगासारखं भिंतीला फासा, घरभर वीज फुकट.’ (नॅनोट्यूब म्हणजे कार्बनची अतिसूक्ष्म नळी.)

यातला अर्धा भाग खरा, म्हणून पटतो. वीज वाहणारे पॉलिमर (प्लास्टिकचाच एक प्रकार) शाईसारखे पसरवता येतात आणि त्यांच्यापासून सौरघट बनतात. पण नुसता थर वीज देत नाही. त्याच्या खाली-वर इलेक्ट्रोड, म्हणजे वीज बाहेर नेणारे थर, लागतात, त्यातला एक पारदर्शक. शिवाय हवा-ओल लागू नये म्हणून सीलबंद आवरण. म्हणजे रंगाचा डबा आणि ब्रश एवढ्यावर भागत नाही.

आता नॅनोट्यूब. पॉलिमरवर प्रकाश पडला की धन-ऋण भारांची जोडी तयार होते. ती साधारण १० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) सरकते आणि विझते. तेवढ्यात तिला फोडणारं कोणीतरी शेजारी हवं. नॅनोट्यूब ते करू शकते. गोची अशी की न निवडलेल्या नॅनोट्यूबमध्ये सुमारे एक तृतीयांश नळ्या धातूसारख्या वागतात आणि सुटलेले भार त्यांच्यावर पुन्हा एकत्र येतात. त्यात थर जेमतेम १०० नॅनोमीटर आणि नळी त्याहून कितीतरी लांब. आडवीतिडवी पडली की थेट शॉर्टसर्किट! म्हणून माझ्या मते नॅनोट्यूबचा खरा उपयोग पारदर्शक इलेक्ट्रोडमध्येच जास्त.

पडताळा घरीच करा. कडक उन्हात चौरस मीटरला साधारण १००० वॅट मिळतात. अशा थराची कार्यक्षमता, म्हणजे उन्हातला वीज होणारा वाटा, २ टक्के धरली, तर १० चौरस मीटरला २०० वॅट. मिक्सरवर ५०० लिहिलेलं असतं. आणि भिंतीवर ऊन तिरपं पडतं, तेही थोडाच वेळ.