मुंबई विद्यापीठ: आधी परीक्षा, मग वर्ग

मुंबईत बी.ए. झालेल्या मुलाला विचारा, विद्यापीठात किती वेळा गेलास? बहुतेकदा उत्तर येतं, एकदाही नाही. गुणपत्रिका विद्यापीठाची, पदवीही विद्यापीठाची, पण वर्षं सगळी कॉलेजात गेलेली. एम.ए.ला विभागात प्रवेश घेतला की तो पहिल्यांदा विद्यापीठात बसून शिकतो. हे असं का, ते समजायला १८५७ पर्यंत मागे जावं लागतं.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानुसार, म्हणजे ब्रिटिशांच्या शिक्षणविषयक धोरणपत्रानुसार, कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे विद्यापीठं निघाली, मुंबईचं १८ जुलै १८५७ रोजी. नमुना होता तेव्हाच्या लंडन विद्यापीठाचा: शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठानं परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. १८६२ मध्ये बी.ए. झालेल्या पहिल्या चौघांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. दोघेही शिकले एल्फिन्स्टन कॉलेजात. त्यांचा पदवीदान समारंभही टाउन हॉलमध्ये झाला, कारण विद्यापीठाला स्वतःची इमारतच नव्हती.

इमारती आल्या त्या दानातून. फोर्टमधलं दीक्षान्त सभागृह सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून १८७४ मध्ये उभं राहिलं. प्रेमचंद रायचंद यांच्या पैशातून ग्रंथालय झालं आणि १८७८ मध्ये त्यावरचा राजाबाई टॉवर पुरा झाला. टॉवरला नाव त्यांच्या आईचं. सभागृहात गेलात तर वर बघायला विसरू नका. रंगीत काचेच्या भल्यामोठ्या गोल खिडकीत बारा राशी कोरल्यासारख्या बसवल्या आहेत आणि ऊन आलं की त्या उजळतात. पण या वैभवात काय नव्हतं तेही बघा. पदवी द्यायला सभागृह होतं, वाचायला ग्रंथालय होतं, शिकवायचा वर्ग मात्र नव्हता.

१९०४ च्या कायद्यानं विद्यापीठांना स्वतः शिकवण्याची वाट मोकळी करून दिली. मुंबईत त्याला खरा आकार आला तो १९१९ मध्ये, समाजशास्त्राचं अध्यापन सुरू झालं तेव्हा. पहिले प्राध्यापक होते नगररचनाकार पॅट्रिक गेडिस. १९२४ मध्ये विभागाची सूत्रं गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आली. इरावती कर्वे यांनी एम.ए.चा प्रबंध त्यांच्याच मार्गदर्शनाखाली लिहिला, विषय होता चित्पावन ब्राह्मण. पुढे एम. एन. श्रीनिवासही इथेच घुर्यांचे विद्यार्थी झाले. भारतातल्या समाजशास्त्राची एक अख्खी पिढी या एका विभागातून गेली, आणि ती पदव्युत्तर विद्यार्थ्यांची होती. मला या विद्यापीठाच्या इतिहासातलं हे सगळ्यात मोलाचं पान वाटतं.

१९३३ मध्ये रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग निघाला. तो माटुंग्याला वाढला आणि आज स्वतंत्र अभिमत विद्यापीठ आहे. स्वातंत्र्यानंतर पुणे, गुजरात आणि कर्नाटक विद्यापीठं वेगळी झाली. एके काळी सिंधपर्यंत पसरलेलं कार्यक्षेत्र आता मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत आहे. विभाग वाढले तशी फोर्टची जागा अपुरी पडू लागली आणि सांताक्रूझ पूर्वेला कलिन्यात विद्यानगरी वसली.

म्हणून आज बहुतेक विभाग कलिन्यात आहेत आणि मुख्यालय फोर्टला. पहिल्या दिवशी पत्ता नीट वाचून निघा. चर्चगेटला उतरून राजाबाई टॉवरखाली वर्ग शोधणारे विद्यार्थी अजूनही भेटतात.