बॉटल पाम: मॉरिशसजवळच्या एका बेटाची गोष्ट

बुडाशी मडक्यासारखा फुगलेला, वर जाता जाता एकदम निमुळता होणारा बुंधा आणि डोक्यावर जेमतेम चार-सहा झावळ्या. बॉटल पाम एकदा पाहिला की विसरत नाही. तरीही त्याच्या नावाखाली पुष्कळदा रॉयल पामचं रोप हाती येतं, कारण रॉयल पामचा बुंधाही फुगीर असतो. रॉयल पाम वीस मीटरच्या आसपास जातो. खरा बॉटल पाम तीन-चार मीटरवर थांबतो, आणि तेवढी उंची गाठायलाही त्याला कित्येक वर्षं लागतात. कोवळ्या रोपाच्या देठांवर आणि पानांच्या कडांवर तांबूस-नारिंगी झाक दिसली, तर रोप खरं असण्याची शक्यता जास्त.

आज जगभरच्या उष्ण प्रदेशातल्या बागांमध्ये असलेल्या या झाडाचं मूळ घर म्हणजे मॉरिशसच्या उत्तरेला सुमारे २२ किलोमीटरवरचं राउंड आयलंड. ज्वालामुखीतून घडलेलं हे बेट जेमतेम दोन चौरस किलोमीटरचं आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे शेळ्या आणि ससे सोडले गेले आणि बेटाचे दिवस फिरले. पामची बी रुजायची, पण कोंब वर आला की खाल्ला जायचा. जुनी झाडं उभी होती, त्यांच्यामागे नवी पिढीच नव्हती. झाडोरा गेला तशी मातीही पावसाबरोबर समुद्रात वाहून गेली, खाली उघडा खडक उरला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रानातले बॉटल पाम बोटांवर मोजण्याइतके राहिले होते.

बेट राखीव म्हणून जाहीर झालं, पण तेवढ्याने शेळ्या थांबणार नव्हत्या. शेवटची शेळी १९७९ मध्ये गेली. ससे हटवायला १९८६ उजाडलं. त्या कामासाठी न्यूझीलंडमधले अनुभवी लोक आले होते. त्यानंतर पामची रोपं पुन्हा तग धरू लागली. प्राणी मारून झाड वाचवणं कुणालाही सुखाचं वाटत नाही. पण इथे दुसरा मार्ग नव्हता असं माझं मत आहे. या बेटावरच्या सरड्या-सापांचं आणि पामांचं दुसरं रान जगात कुठेच नव्हतं.

याच्या कुळाचं शास्त्रीय नाव ‘हायोफोर्बी’. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ डुकरांचं खाद्य, तो या कुळाच्या फळांवरून आला. आपल्या पामला १९४२ मध्ये अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ एल. एच. बेली यांनी ‘लॅजेनिकॉलिस’ म्हणजे सुरईच्या बुंध्याचा असं नाव दिलं. त्यांनी तो वेगळ्या कुळात घातला होता. १९७६ मध्ये तो हायोफोर्बीत आला.

लावायला हे झाड सोपं, फक्त घाई चालत नाही. बी उगवायला काही महिने लागतात. भरपूर ऊन आणि पाण्याचा निचरा होणारी जमीन मिळाली की ते खूश असतं, खारा वाराही सोसतं. थंडीचा कडाका मात्र त्याला मानवत नाही. कुंडीत बरीच वर्षं निभतं. झावळी वाळली की आपसूक गळते आणि बुंध्यावर एक कडं ठेवून जाते. झावळ्यांच्या खालच्या हिरव्या गुळगुळीत भागाच्या बुडाशी कळ्यांच्या पोया शिंगांसारख्या उभ्या राहतात. त्या उमलण्याआधी बघण्यासारख्या असतात. फाटकाच्या दोन बाजूंना किंवा पाण्याच्या हौदाशी जोडीने लावण्याची पद्धत त्याच्या आकारामुळे रूढ झाली.

मग बागांमध्ये इतकी झाडं असताना बेटावरची कशाला हवीत? कारण बागेत बॉटल पामशेजारी बहुधा त्याचा रॉड्रिग्ज बेटावरचा भाऊबंद, स्पिंडल पाम, लावलेला असतो. दोघांचा संकर होतो आणि त्या बियांतून येणारं रोप शुद्ध राहत नाही. आणखी एक भाऊबंद, हायोफोर्बी अमॅरिकॉलिस, मॉरिशसमधल्या क्युरपिप इथल्या वनस्पती उद्यानात उरला आहे. जगात त्या जातीचं ते एकच झाड. त्याच्यावर नर आणि मादी फुलं वेगवेगळ्या वेळी उमलतात, त्यामुळे आपोआप बी धरणं अवघड. प्रयोगशाळेत त्याच्या बियांतले गर्भ वाढवण्याचे प्रयत्न झाले, पण त्यातून जमिनीत टिकलेलं रोप अजून उभं राहिलेलं नाही.