सेल्फ-सर्व्हिस कार वॉशमधील रसायनपुरवठा यंत्रणा : मराठवाड्यातील निवड

ग्राहक पैसे भरून स्वतःच्या हाताने गाडी धुतो, त्या कक्षाला बे म्हणतात. या बेमध्ये शाम्पू, प्री-सोक (मळ सैल करायला आधी मारायचे द्रव), फोम, मेण ही द्रव्ये ठरावीक प्रमाणात पाण्यात मिसळून गनपर्यंत पोचवणाऱ्या साधनांचा संच म्हणजे रसायनपुरवठा यंत्रणा. कॅनमध्ये सोडलेली नळी, तिच्या टोकाची जाळी आणि फूट व्हॉल्व्ह, प्रमाण ठरवणारी मीटरिंग टिप, द्रव ओढणारा इंजेक्टर किंवा पंप, प्रवाह उलटा जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि ग्राहकाने बटण दाबले की उघडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह हे भाग बहुतेक रचनांमध्ये असतात.

मराठवाड्यात गाडी धुण्याची रूढ जागा म्हणजे वॉशिंग सेंटर. तिथे रॅम्प, जोराने पाणी मारणारा एचटीपी पंप, हवेच्या दाबावर चालणारा फोम टँक आणि हाताखाली एक-दोन कामगार असतात. फोम पातळ आला की कामगार टाकीत आणखी थोडा शाम्पू ओततो, डाग निघाला नाही की पुन्हा मारतो. प्रमाण त्याच्या डोळ्यात असते. सेल्फ-सर्व्हिस बेमध्ये असे पाहणारे कोणी नसते. ग्राहकाने मिनिटांचे पैसे भरलेले असतात आणि गनमधून नुसते पाणी आले तर तो पुन्हा त्या बेकडे फिरकत नाही. म्हणून इथे यंत्रणेची पहिली कसोटी एकच : कोणी लक्ष देत नसतानाही दिवसभर प्रमाण तेच राहते का?

पाणी

निवडीची सुरुवात यंत्रांच्या माहितीपत्रकापासून न करता पाण्यापासून करावी. मराठवाड्याचा बहुतांश भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकावर आहे आणि बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार पुष्कळ ठिकाणी जास्त असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५०० : २०१२) एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. जड पाण्यात फोम धरत नाही. तो धरावा म्हणून मालक मोठे छिद्र असलेली टिप बसवतो, शाम्पूचा खर्च वाढतो आणि तरीही काळ्या गाडीवर पांढरे ठिपके राहतात. त्याहून त्रासाची गोष्ट म्हणजे हेच क्षार इंजेक्टरच्या अरुंद गळ्यात आणि व्हॉल्व्हच्या बैठकीवर बसतात. व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, ओढ कमी होते. त्यामुळे आधी पाण्याची तपासणी, मग सॉफ्टनर आणि त्यानंतरच इंजेक्टर हा क्रम पाळलेला बरा. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या जागी सोडियम सोडतो, पाण्यातले एकूण क्षार कमी करत नाही. ठिपके पूर्ण जावेत असे वाटत असेल तर शेवटच्या धुण्यासाठी आरओ लागतो. पण आरओ बरेच पाणी बाहेर टाकतो. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागात हे बाहेरचे पाणी गाडीच्या खालच्या बाजूच्या पहिल्या धुण्याला वापरण्याची सोय नसेल तर आरओ बसवूच नये.

दुसरा प्रश्न दाबाचा. १० मीटर उंचीच्या पाण्याने साधारण १ बार दाब मिळतो, म्हणजे ४-५ मीटरवरच्या सिंटेक्स टाकीतून खाली येतो तो अर्धा बारच. पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या मिश्रकांना साधारण दीड-दोन बार तरी लागतात. गच्चीवरच्या टाकीला थेट जोडलेले मिश्रक चालत नाही म्हणून ते खराब निघाल्याची तक्रार होते, तेव्हा दोष बहुधा बूस्टर पंप नसण्याचा असतो.

द्रव ओढण्याच्या पद्धती

सर्वांत साधी पद्धत व्हेंच्युरीची. अरुंद गळ्यातून पाणी वेगाने गेले की तिथला दाब उतरतो आणि शेजारच्या नळीतून द्रव आत ओढला जातो. इटालियन शास्त्रज्ञ जोव्हान्नी बॅत्तिस्ता व्हेंच्युरी यांनी १७९७ मध्ये या परिणामाविषयी लिहिले, त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. ठिबक असलेल्या शेतकऱ्याला व्हेंच्युरी समजावून सांगावी लागत नाही. जालन्याच्या मोसंबीच्या बागांत विद्राव्य खते याच वाटेने जातात. पण ठिबकची व्हेंच्युरी आणून बेला जोडू नये. ती बेला लागते त्याहून पुष्कळ जास्त द्रव ओढण्यासाठी बनवलेली असते. शिवाय तिचे प्लास्टिक उच्च दाबाच्या लाइनवर टिकत नाही.

उच्च दाबाच्या पंपानंतर बसवलेल्या इंजेक्टरला डाउनस्ट्रीम म्हणतात. रसायन पंपातून जात नाही, त्यामुळे पंपाची सिले (गळती रोखणारी रबरी सील) वाचतात. मात्र पुढे बारीक नोझल असेल तर मागचा दाब वाढतो आणि ओढ थांबते. म्हणजे शाम्पू मारताना मोठे नोझल आणि धुताना बारीक, असा बदल ग्राहकाने करावा लागतो आणि नवखा ग्राहक तो करत नाही. पंपाआधी बसणारा अपस्ट्रीम इंजेक्टर पूर्ण दाबानेही साबण देतो, पण रसायन पंपाच्या पोटातून जाते. कॅन रिकामा झाला की पंप हवा ओढतो, खडखडतो आणि सिले जातात. कोणी लक्ष ठेवणारे नसलेल्या बेमध्ये, तळ लागल्यावर पंप बंद करणारा फ्लोट स्विच नसेल तर ही रचना टाळावी.

दोन्हींपेक्षा बरा मार्ग म्हणजे द्रावण आधीच तयार करून कमी दाबाने वेगळ्या लाइनने देणे. हायड्रोमाइंडर प्रकारचे साधन टाकीतला फ्लोट खाली गेला की पाणी सोडते आणि सोबत टिपमधून शाम्पू ओढून टाकी पुन्हा भरते. प्रमाण एका जागी ठरते आणि सगळ्या बेंना एकच द्रावण जाते. विजेवरचे पडदा-पंप किंवा नळी दाबत जाणारे पेरिस्टाल्टिक पंप याहून नेमके असतात. पेरिस्टाल्टिकची नळी ठरावीक काळाने बदलावी लागते. पडदा-पंपात हवा अडकली की तो नुसता टकटक करतो, द्रव देत नाही. लाइट जाण्याचे आणि व्होल्टेज खालीवर होण्याचे प्रमाण जास्त असलेल्या गावात नाजूक इलेक्ट्रॉनिक डोसिंग पंपाचा हट्ट धरण्यात शहाणपण नाही.

हवेवर चालणारा डायफ्राम पंप मात्र इथे चांगला टिकतो. गन बंद केली की तो दाब धरून स्वतः थांबतो, मोटर जळण्याचा प्रश्न नसतो आणि ओल्या जागेत वीज न्यावी लागत नाही. फोमसाठी कॉम्प्रेसर लागतोच, मग त्याच हवेवर हा पंपही चालतो. छत्रपती संभाजीनगरला वाळूज-चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींमुळे हवेच्या लाइनचे फिटिंग आणि दुरुस्ती करणारे मिस्त्री मिळतात. हिंगोली किंवा धाराशिवकडे तसा मिस्त्री चटकन मिळेलच असे नाही, तेव्हा तिथे हायड्रोमाइंडर आणि साधे व्हॉल्व्ह बरे. हवेची रचना निवडली तर पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी रोज सोडावे लागते, नाहीतर ते पंपाच्या हवेच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसते.

थंड देशांतून येणाऱ्या संचांत पाणी गोठू नये म्हणून गनमधून सतत थेंब सोडण्याची व्यवस्था असते. मराठवाड्यात तिची गरज नाही. तिचे पैसे आणि पाणी दोन्ही वाचवावे.

अंतर आणि उशीर

यंत्रे एका खोलीत आणि बे वीस मीटर लांब, अशी मांडणी नकाशावर चांगली दिसते. पण १२ मिलिमीटर आतील व्यासाच्या २० मीटर पाइपात सव्वादोन लिटरच्या वर द्रव मावतो. मिनिटाला ४ लिटर प्रवाह असेल तर फोमचे बटण दाबल्यावर आधीचे पाणी निघून जायला ३० सेकंदांहून जास्त लागतात आणि तेवढा वेळ ग्राहकाच्या पैशातून जातो. हाच पाइप ८ मिलिमीटरचा आणि १० मीटर लांब असेल तर सात-आठ सेकंद पुरतात. म्हणून प्रत्येक द्रव्याची लाइन बेपर्यंत स्वतंत्र न्यावी, मिसळण्याचा व्हॉल्व्ह आणि फोमची नळी बेच्या भिंतीवरच बसवावी. पैशांच्या पेटीवर आणि क्यूआर कोडवर जेवढा विचार होतो तेवढा या पाइपावर होत नाही, आणि ग्राहकाची नाराजी बहुतेक इथूनच सुरू होते.

फोमसाठी हवा आणि द्रावण एकत्र येऊन ते जाळीसारख्या भरणीतून जावे लागते. फोम पाणी कमी घेतो आणि पत्र्यावर जास्त वेळ थांबतो, हा टंचाईच्या प्रदेशात त्याचा मोठा गुण. पण मे महिन्यात पारा चाळिशीपार गेलेला असताना उन्हातल्या बॉनेटवर तो पाहता पाहता वाळतो आणि डाग पाडतो. बेला सावली नसेल तर महागडा फोम जनरेटर घेऊनही उपयोग नाही.

काळ्या मातीचे गणित वेगळे. पावसात कापसाच्या रानातून आलेल्या गाडीच्या मडगार्डखाली चिकट लगदा वळून बसतो. त्यावर शाम्पू मारला तर तो वरच्या थरालाच लागतो. आधी उच्च दाबाने लगदा पाडावा, मग कमी दाबाने अल्कली प्री-सोक द्यावा आणि राहिलेला बारीक मातीचा पडदा सोडवावा. उन्हाळ्यातल्या कोरड्या धुळीला मात्र प्री-सोक थेट कोरड्या गाडीवर मारलेला चांगला. त्यामुळे बटणांचा क्रम पक्का न ठेवता ग्राहकाला कोणतेही बटण आधी दाबता येईल असा निवडीचा स्विच घ्यावा.

सिले आणि नळ्या

यंत्र कोणत्या कंपनीचे यापेक्षा त्याच्या आतले रबर कोणते, हा प्रश्न दुकानदाराला आधी विचारावा. ईपीडीएम रबर अल्कली द्रावणांत चांगले टिकते, पण डिझेल, तेल आणि काही मेणांत फुगते. व्हायटॉन तेलांत आणि पुष्कळ आम्लांत टिकते, तीव्र अल्कलीत कमी टिकते. म्हणजे प्री-सोकच्या लाइनला ईपीडीएम आणि मेणाच्या लाइनला व्हायटॉन. वॉशिंग सेंटरवर गाडीच्या खालून डिझेल मारण्याची पद्धत आहे, ती सेल्फ-सर्व्हिस बेच्या लाइनमध्ये आणू नये. पितळी फिटिंग आम्लाने झिजते. उन्हात ठेवलेली पारदर्शक पीव्हीसी नळी कडक होऊन बसवलेल्या जागी तडकते आणि तिथून हवा ओढली जाते, म्हणून पॉलिथिलीनची नळी सावलीतून न्यावी.

प्रमाण मोजणे

टिप म्हणजे नखाएवढा प्लास्टिकचा तुकडा, मध्ये बारीक छिद्र आणि छिद्राच्या आकारानुसार रंग. माहितीपत्रकातल्या तक्त्यात प्रत्येक रंगापुढे प्रमाण दिलेले असते, पण तो तक्ता पाण्यासारख्या पातळ द्रवासाठी आणि ठरावीक दाबासाठी असतो. घट्ट शाम्पू त्यापेक्षा कमी ओढला जातो आणि थंडीत आणखी कमी. परभणीला जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली गेला की सकाळचा फोम दुपारपेक्षा पातळ येतो. म्हणून नळी खुणा केलेल्या मापात सोडावी, एक मिनिट चालवावे आणि किती मिलिलिटर गेले ते पाहावे. मिनिटाला १२ लिटर पाण्यात १ : १०० प्रमाण हवे असेल तर मापातून १२० मिलिलिटर कमी व्हायला हवेत. समजा शाम्पू १५० रुपये लिटर आहे, तर मिनिटाला १८ रुपये गेले. टिप दुप्पट ओढणारी निघाली तर ३६ रुपये, आणि गाडी त्याने दुप्पट स्वच्छ होत नाही. ही मोजणी दर आठवड्याला आणि प्रत्येक नव्या कॅनला करावी. टिप सुईने टोकरू नये, छिद्र मोठे होते. पातळ व्हिनेगरमध्ये भिजवून क्षार काढावा.

उलटा प्रवाह आणि धोके

एकाच गनला अनेक द्रव्ये जोडलेली असतात, तेव्हा एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह अडकला तरी मेण शाम्पूच्या कॅनमध्ये जाते आणि फोम धरेनासा होतो. कॅन गनपेक्षा उंच ठेवला तर गळका व्हॉल्व्ह रात्रभर द्रव खाली सोडत राहतो. कॅन जमिनीलगतच असावा. सोलेनॉइड वीज गेल्यावर बंद होणाऱ्या प्रकारचा आणि २४ व्होल्टचा घ्यावा, मुख्य पुरवठ्याला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) असावा. रसायन पिण्याच्या पाण्याच्या लाइनमध्ये किंवा बोअरमध्ये परतू नये यासाठी टाकीत वरून मोकळ्या हवेतून पाणी पडू देणे हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे, त्याच्या तोडीचा व्हॉल्व्ह नाही.

चाके चमकवणाऱ्या काही द्रव्यांत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असते. ते कातडीतून आत जाते, शरीरातल्या कॅल्शियमला धरते आणि वेदना कधीकधी तासांनी सुरू होतात. हातमोजे न घालता, मुलाला सोबत घेऊन गाडी धुणाऱ्या ग्राहकाच्या गनमध्ये ते कोणत्याही प्रमाणात येता कामा नये. आम्ल आणि ब्लीचिंगचे द्रव एका खोलीत शेजारी ठेवू नयेत, ते मिसळले की क्लोरीन वायू सुटतो.

बेचे सांडपाणी जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ च्या कक्षेत येते, तेव्हा गाळाचा हौद आणि तेल वेगळे करणारा कप्पा बांधकामाच्या वेळीच धरावा लागतो. काळ्या मातीचा कण इतका बारीक असतो की तो लवकर खाली बसत नाही, म्हणून हौद नेहमीपेक्षा मोठा लागतो. फिरवून आणलेले पाणी चाकांच्या आणि गाडीच्या खालच्या बाजूच्या धुण्याला वेगळ्या पंपाने वापरावे. ते इंजेक्टरला जोडले तर त्यातली माती टिपमध्ये अडकते आणि दर फेरीला वाढणारे क्षार फोम मोडतात. रसायनाची लाइन शेवटपर्यंत सॉफ्टनरच्या टाकीवरच ठेवावी.